वरचे तीन थर

मुकादमाला किळस फार. दुधावर साय दिसली की तो पेला लांब सरकवायचा. साबणाला केस चिकटलेला दिसला तर नवी वडी फोडायचा. दुसऱ्या कुणी तोंड पुसलेला टॉवेल हाताला लागला, तर तो दोन बोटांच्या चिमटीत धरून मेलेल्या उंदरासारखा बाजूला टाकायचा. बायको म्हणायची, "अहो, तुमचा जन्म झाला तेव्हा तुम्ही आधी सुईणीलाच हात धुवायला लावले असतील." असा हा माणूस पंचवीस वर्षं अशा जागी काम करत होता, जिथे शेवटची सहा वर्षं दर तीन-चार महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या नखाखालून रक्त यायचं. तिथे मात्र त्याला कधी किळस आली नाही.

इमारतीतली लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्या मागे भिंतीलगत एक ओझं खाली येतं. ते ओझं लोखंडी लाद्यांचं असतं, आणि त्या लाद्या या कारखान्यात ओतल्या जात. एकेक लादी पंचेचाळीस किलोची. हातभर लांब, वीतभर रुंद, तीन बोटं जाड. थंड झालेली लादी दोघांनी दोन टोकांना धरून उचलायची आणि लोखंडी पिंजऱ्यात एकावर एक रचायची. पिंजरा भरला की झाकण लागायचं आणि फोर्कलिफ्ट तो उचलून न्यायची. म्हणजे लोखंडाच्या पिंजऱ्याला यंत्र, आणि लादीला माणूस. लाद्या उचलायलाही यंत्र येणार, असं मुकादम कामाला लागला तेव्हापासून ऐकत होता. ते आलं नाही, त्याचे केस मात्र पिकले.

पूर्वी दोन लाद्यांच्या मध्ये दोन लाकडी पट्ट्या ठेवत. बोटापेक्षा जरा जाड. लादी पट्टीवर टेकायची, खाली फट राहायची आणि बोटं सावकाश बाहेर काढता यायची. म्हातारा माणूससुद्धा न घाबरता काम करायचा. त्या पद्धतीने पिंजऱ्यात आठ थर बसत.

सहा वर्षांपूर्वी मुकादमाच्या डोक्यात किडा वळवळला. पट्ट्या काढल्या तर? त्याने एका दुपारी टोळीला घेऊन करून बघितलं. लादी खाली नेत नेत शेवटच्या बोटभर अंतरावर आणायची, मुकादमाने "सोड!" म्हणायचं, दोघांनी एकाच क्षणी बोटं ओढून घ्यायची आणि लादी धप्पकन बसायची. आठाच्या जागी अकरा थर बसले. झाकण असं चपखल लागलं की सुपरवायझर हसला. टोळीने या कसरतीला नाव दिलं, 'बोटं चोरणं'. हातमोजे घालून बोटं चोरता येत नाहीत, मोजा लादीखाली अडकतो. म्हणून मोजे खुंटीला गेले. पाहुणे यायचे असले की ते उतरवायचे, घालायचे, पाहुणे गेले की परत खुंटीला. कोरे करकरीत मोजे सहा वर्षं तसेच राहिले.

मुकादमाचा सत्कार झाला. 'उत्तम सूचना' असं लिहिलेलं प्रमाणपत्र, भिंतीवरचं घड्याळ, आणि फाटकाजवळच्या फळ्यावर त्याचा हसरा फोटो. त्या फळ्याच्या शेजारीच दुसरा फळा होता: 'तुमचे हात, तुमची संपत्ती'. त्यावर एक हात काढलेला होता आणि त्या हाताला डोळे आणि तोंड काढून हसवलेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण तेव्हा मुकादमाची छाती फुगलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "तीन थर माझे."

त्या तीन थरांनी काय काय खाल्लं ते अपघात नोंदवहीत आहे. कुणाचं नख उखडलं, कुणाचं पेर चेपलं. एकाचा अंगठा असा चपटा झाला की त्याला शर्टाचं बटण लावता येईना. बायकोने लावलं की तो चारचौघांत हसायचा आणि एकटा असला की शिव्या घालायचा. नोंदवहीत शेवटचा रकाना असे, 'कारण'. तो सुरक्षासाहेब भरायचे. सुरक्षासाहेब म्हणजे पांढरं हेल्मेट टोपड्यासारखं डोक्यावर, हातात वही, आणि अंगाला अत्तराचा वास असलेला माणूस. लादीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकायचा. त्यांच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द असे, 'निष्काळजीपणा', आणि त्याखाली साक्षीला मुकादमाची सही. मुकादमाने अशा एकोणीस सह्या केल्या होत्या. सही झाली की तो नळावर जाऊन ब्रशने हात घासायचा, कारण साहेबांचं पेन घामाने चिकट असायचं. पेनाची त्याला किळस यायची. त्या शब्दाची कधी आली नाही.

वर्षात दोनदा 'निष्काळजीपणा' लागला की माणूस घरी, असा नियम होता. आणखी एक रीत होती, तिचा कुठे कागद नव्हता. ज्याला लागलं तो दुसऱ्या दिवशी हजर दिसला, तर त्या अपघाताने दिवस बुडाला असं धरत नसत आणि फाटकावरचा 'अपघाताविना दिवस' हा आकडा पुढे सरकत राहायचा. म्हणून कंपनीची गाडी सकाळी जखमी माणसाच्या दारात उभी राहायची. त्याला आणून वजनकाट्याशेजारच्या खुर्चीत बसवायचे. दिवसभर बसायचं, बँडेज मांडीवर ठेवून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, इथे भांडं खुर्चीत मांडून ठेवत आणि सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत.

या टोळीत मुकादमाचा जावई होता. लेकीच्या लग्नानंतर मुकादमानेच शब्द टाकून त्याला कामाला लावलं. टोळीत त्याला सगळे 'जावईबापू' म्हणत, आणि 'जावईबापूंच्या बाजूला लादी हलकी करा रे' असं म्हणून चिडवत. घरी मुकादम त्याला "तुम्ही" म्हणायचा, पहिला पेला त्याच्यापुढे सरकवायचा. कामावर "ए, वाक जरा!" म्हणून ओरडायचा. जावई दोन्ही ठिकाणी हसायचा. माणूस गरीब स्वभावाचा, कामाला चोख. सहा महिन्यांपूर्वी त्याचं एक नख काळं पडलं होतं. तेवढ्याचीही नोंद झाली. मुकादमाने हसत हसत सही केली आणि म्हणाला, "जावईबापू, पहिली नोंद सासऱ्याच्या हातची. शुभच असेल."

मग तो दिवस आला. जेवणाची घंटा व्हायला थोडा वेळ होता. पिंजऱ्यात आठ थर झाले होते. नवव्याची लादी जावई आणि त्याचा जोडीदार घेऊन आले, वाकले, खाली नेली. मुकादमाने नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेळेला "सोड!" म्हटलं. दोघांनी सोडलं. जोडीदाराची बोटं आली. जावयाची तीन आली नाहीत.

ओरडणं आधी जोडीदाराचं ऐकू आलं. जावई नुसता वाकलेला राहिला, लादीकडे बघत, कुणी त्याचा हात धरून ठेवल्यासारखा. पहारीने लादी उचलली तेव्हा तो सरळ झाला. करंगळी ठेचली होती. मधल्या दोन बोटांची शेवटची पेरं खालच्या लादीवर राहिली होती.

त्याला गाडीत घालून नेलं. मुकादम मागे धावणार तेवढ्यात सुपरवायझर म्हणाला, "पाइप लावा रे तिथे. पिंजरा तीनला जायचाय." कुणीतरी पाइप लावला. जे होतं ते पाण्याबरोबर नालीत गेलं, राखाडी गाळात, विड्यांच्या थोटकांत. ओल्या लादीवर लगेच दहावा थर आला. मुकादमाने ते पाहिलं आणि नालीच्या कडेला बसून तो भडाभडा ओकला. एकोणीस वेळा असंच पाणी मारलं होतं. एकोणीस वेळा तो "चला, आवरा" म्हणाला होता. आज गाळात गेलेली बोटं घरची होती, म्हणून त्याला वास आला. स्वतःच्या या गोष्टीची त्याला इतकी घाण वाटली की तोंड धुवायला नळापर्यंत जाणंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत शिरला तर खुर्चीत जावई. चेहरा भुईमुगाच्या टरफलासारखा कोरडा. हात उशीवर ठेवलेला. उशी घरची होती, लेकीने दिलेली.

"अहो, तुम्ही कशाला आलात?" मुकादम कामावर पहिल्यांदाच त्याला "तुम्ही" म्हणाला.

"गाडी आली होती, मामा. नाही म्हटलं तर बरं दिसलं नसतं."

दुपारी बोलावणं आलं. सुरक्षासाहेबांनी वही फिरवून त्याच्यापुढे केली आणि पेन दिलं.

"करा सही."

"काय लिहिलंय?"

"नेहमीचंच. तुम्हाला काय नवीन आहे?"

"साहेब, त्याची ही दुसरी नोंद. मी सही केली की तो घरी बसणार. हात असा, आणि वर कामही नाही."

"नियम आहे. मी का जन्माला घातलाय नियम?"

मुकादमाने पेन टेबलावर ठेवलं. "निष्काळजीपणा नव्हता. मी समोर होतो. सोड मीच म्हणालो, वेळेवर म्हणालो. दोघांनी बरोबर सोडलं. कुणाचं काही चुकलं नाही. नववा थर होता तो. पट्ट्या असत्या तर नववा थर नसताच."

साहेबांनी टोपडं काढून टेबलावर ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. उलट बरं वाटल्यासारखं दिसत होतं.

"पट्ट्या कुणी काढल्या?"

"मी."

"आम्ही सांगितलं होतं काढायला?"

"नाही. पण तुम्ही घड्याळ दिलंत."

"घड्याळ सूचनेबद्दल दिलं. सूचना तुमची." साहेब पुढे वाकले. अत्तराचा गोडसर वास मुकादमाच्या नाकात गेला. "हे बघा, रकाना रिकामा ठेवता येत नाही. एक तर त्याचा निष्काळजीपणा, नाही तर मुकादमाची सदोष पद्धत. तिसरं माझ्याकडे काही नाही. तुम्हीच सांगा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण आपण काही संन्यासी नाही, हे मुकादमाला माहीत होतं. तो म्हणाला, "माझ्या नावावर टाका. पण मग पट्ट्या परत लावायच्या."

"म्हणजे काय! पद्धतच सदोष ठरली, तर बदलायला नको? लावू ना."

"कधीपासून?"

"लावू म्हटलं ना."

साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मुकादमाने सही केली. साहेबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. त्यांचा हात मऊ होता, लोण्यासारखा, आणि ओलसर. मुकादमाने बाहेर येऊन तो पँटला पुसला. त्याच आठवड्यात त्याला 'वयाचा विचार करून' घरी बसवलं आणि फळ्यावरचा फोटो काढला. कंपनीचं सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. दोष पद्धतीचा, पद्धत मुकादमाची, मुकादम घरी. कंपनी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ.

सही केली त्याच दिवशी संध्याकाळी तो लेकीकडे गेला. दोन खोल्या, वरचा मजला. जावई आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपला होता. मुकादमाने लेकीला काही न लपवता सगळं सांगितलं. पट्ट्यांचं, थरांचं, सहीचं. मनात कुठेतरी होतं, की लेक म्हणेल, बाबा, आमच्यासाठी केलंत.

लेक बँडेजच्या पट्ट्या धुवून पिळत होती. पाणी पिवळट लाल झालं होतं. तिने ते मोरीत ओतलं आणि म्हणाली, "सहा वर्षं लोकांची बोटं जात होती, तेव्हा नाही आठवल्या पट्ट्या?"

मुकादमाने मोरीतल्या पाण्याकडे बघितलं.

"ती परकी बोटं होती, नाही का?"

"चुकलं माझं."

"मला तुमचं चुकलं-बिकलं नको, बाबा. मला एवढंच सांगा. पट्ट्या लावणार का ते? नसतील लावणार तर मी ह्यांना पाठवत नाही. घरोघरची भांडी घासीन, पण पाठवत नाही. एक हात अजून धड आहे त्यांचा."

"लावणार. साहेबांनी शब्द दिलाय."

"साहेबांचा शब्द मला नका सांगू. तुम्ही सांगा."

"लावणार. मी सांगतो."

तेव्हा कुठे तिने पिळलेल्या पट्ट्या दोरीवर टाकल्या.

घरी मुकादमाचे दिवस जाईनात. तो हात धुवायचा, भांडी परत परत विसळायचा, बायकोच्या मागे लागून चादरी बदलायला लावायचा. घास तोंडाशी नेताना स्वतःच्या बोटांकडे बघायचा. दहाच्या दहा. एवढी वर्षं लाद्यांत काढून एकालाही ओरखडा नाही, कारण तो फक्त "सोड" म्हणायचा. ती धडधाकट बोटं बघून त्याला अन्न जाईना. बायको म्हणाली, "अहो, लेकीने एक शब्द ऐकवला तर एवढं मनाला लावून घ्यायचं का?" तो म्हणाला, "एकच शब्द ऐकवला, हे तिचे उपकार." पण एका गोष्टीने त्याला रात्री डोळा लागायचा. पट्ट्या लागल्या असतील. निदान वरचे तीन थर तरी गेले असतील.

महिनाभराने कारखान्यातल्या कपाटातलं सामान न्यायला त्याला बोलावलं. एक टॉवेल, एक ब्रश, जुने बूट, एवढंच होतं. पिशवी घेऊन तो शेडच्या दारापर्यंत आला आणि आतून आवाज आला, "सोड!" पाठोपाठ धप्प.

आवाज जावयाचा होता.

मुकादम आत गेला. जावई पिंजऱ्याजवळ उभा होता, उजवा हात छातीशी धरून. त्या हाताने लादी उचलता येत नाही, म्हणून कंपनीने त्याला मुकादम केलं होतं. घरी त्याने सांगितलं होतं, मोजणीचं काम दिलंय. मुकादमाने पिंजऱ्यात डोकावून थर मोजले. नऊ. दहाव्याची लादी येत होती. लाद्यांच्या मध्ये कागद सरकला नसता, मग पट्टी कुठली! मोजे खुंटीला होते.

"पट्ट्या?" त्याने विचारलं.

जावयाने टोळीला थांबायची खूण केली. लादी घेऊन आलेल्या दोघांनी ती परत खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

"सुतारकाम व्हायचंय म्हणतात," जावई हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून."

"आणि तोवर?"

"तोवर मागणी आहे, मामा. आठ थर भरले तर पिंजरे पुरत नाहीत. मी विचारलं होतं. साहेब म्हणाले, तुम्हाला ती खुर्ची बरी वाटत असेल तर तसं सांगा."

टोळीतल्या एकाच्या बोटाला चिंधी होती. ताजी. चिंधीतून तेलाचा काळा आणि रक्ताचा तांबडा असा एकच डाग आला होता. मुकादम त्याच्याकडे बघत राहिला.

"ह्याची नोंद?"

"झाली."

"कारण काय घातलं?"

जावयाने वजनकाट्याकडे बघितलं. तिथे वही उघडी पडली होती. मुकादम गेला आणि त्याने स्वतःच वाचली. साहेबांचं सुवाच्य अक्षर, तोच शब्द. खाली साक्षीची सही. वाकडीतिकडी, पाटीवर गिरवल्यासारखी, कारण ती डाव्या हाताची होती.

मुकादमाच्या तोंडात शिवी आली. आई-बापापासून सुरू होणारी, चांगली लांबलचक. पण ती द्यायची कुणाला? या माणसाने सही करायला शिकवणी कुठे लावली होती? सासऱ्याच्याच शेजारी उभं राहून तो शिकला होता. आणि तो नाही म्हणाला असता तर काय, हेही मुकादमाला पाठ होतं. खुर्ची, दुसरी नोंद, आणि लेक घरोघरी भांडी घासतेय. हे टळावं म्हणून तर मुकादमाने स्वतःचं नाव रकान्यात घातलं होतं.

"मामा," जावई अगदी जवळ आला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्याने पुसलं नाही. पुसायचा हात बँडेजात होता. "घरी हिला सांगू नका."

मुकादमाने वही मिटली. पिशवी उचलली. त्याने फक्त मान हलवली. ती मान त्याने हो म्हणून हलवली, हे जावयाला कळलं आणि त्यालाही कळलं. दाराबाहेर पडेपर्यंत मागून दोनदा "सोड!" ऐकू आलं.

वाटेत तो तीनदा थुंकला. लेकीच्या घरावरून जायचं नाही असं ठरवून निघाला होता, पण पाय तिकडेच वळले. लेक खाली नळावर उभी होती, कळशी भरत. बापाला पाहून तिने नळ बंद केला.

"तिकडून आलात? ह्यांना भेटलात?"

"भेटलो."

"बरे आहेत ना? काल म्हणाले, हाताला ठणका कमी आहे."

"बरे आहेत."

तिने कळशी कमरेवर घेतली. जायला वळली आणि परत थांबली.

"बाबा, पट्ट्या लावतात ना आता?"

"लावतात," मुकादम म्हणाला.